थरथर वगळून

रिमोटवर उडणाऱ्या माझ्या छोट्या विमानाचा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचं म्हणणं ऐकणारी डबी, जळाली आणि तशी आता कुठे मिळेना. शेवटी मुलीने, मुग्धाने, त्या डबीच्या जागी बिनतारी संदेश पकडणारा पोस्टाच्या तिकिटाएवढा मायक्रोकंट्रोलर, एक इवलासा संगणकच, बसवला.

"बाबा, आधी रिमोट चालू करा, मग विमान," ती म्हणाली. हा नियम तिला मीच शिकवलेला. विमान जागं होताना त्याच्याशी बोलणारं कुणीतरी हजर असावं लागतं.

मी रिमोटची दांडी वळवली. टेबलावरच्या विमानाच्या शेपटीचं पातं डावीकडे वळलं आणि तिथेच थांबलं. माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. हल्ली तो थरथरतो. त्याच्याखाली दांडीही थरथरत होती. पातं मात्र स्थिर होतं.

"हे थरथरत कसं नाही गं?"

"तेवढं ऐकू नकोस, असं सांगितलंय त्याला," स्क्रू आवळत ती म्हणाली.

मला आयुष्यभर अशीच माणसं भेटत आली. मी खेकसून चहा मागितला, तरी बायको त्यातला चहा तेवढा ऐकते. पहिल्या मुलाखतीत माझी बोबडी वळली होती, तरी समोरच्या बाईंनी त्यातून उत्तर वेचून घेतलं. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले, कारण आपली थरथर कुणी गाळून टाकली, तर ते आपल्याला कळतच नाही.

आज ते डोळ्यांना दिसलं. मी थरथरता अंगठा दांडीवर तसाच ठेवला आणि न हलणाऱ्या त्या पात्याकडे बघत बसलो.