आवाज करणारं कार्ड

आमच्या शेजारचे मनोहरराव एसटीतून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला ड्रायव्हर काही निवृत्त झाला नाही. जेवताना त्यांचा डावा पाय टेबलाखाली क्लच दाबत असतो. उमरेड-नागपूर गाडी त्यांनी जन्मभर चालवली, तीही एका हट्टानं: बायकोला आपल्या गाडीत बसवायचं नाही. "घरचं माणूस मांगं बसलं का ब्रेकवरचा पाय बिघडते," म्हणायचे. प्रेमिलाकाकूंचं माहेर उमरेडचं, तरी त्या बिचाऱ्या दुसऱ्याच ड्रायव्हरच्या गाडीनं जायच्या.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्कूटरसुद्धा बंद केली आणि माणूस पार कोमेजला. शेवटी त्यांच्या मुलीनं, काजलनं, मोबाइलवर बस चालवायचा खेळ लावून दिला. चार फेऱ्या मारून त्यांनी फोन परत केला.

"हे खेळणं झालं वं. मले मोठी गाडी पाह्यजे."

मोठी गाडी म्हणजे गेमिंग लॅपटॉप. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानात काजल, मनोहरराव आणि मी असे तिघं गेलो. मी कशाला गेलो, हे मला अजून कळलेलं नाही.

दुकानदारानं दोन लॅपटॉप शेजारी ठेवून दोन्हींवर तोच खेळ सुरू केला. काजलनं समजावलं, "बाबा, ह्याच्यात चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड लहान हाय, पण ओव्हरक्लॉक केलेलं. म्हणजे ताकदीच्या वर पळवून राहिले त्याले. ह्या दुसऱ्यात वरच्या दर्जाचं कार्ड हाय. लहान्याले कितीही पळवलं तरी ते मोठ्याले गाठत नाही, वरून तापते. आपण मोठंच घेऊ."

इतकं सरळ. पण मनोहररावांनी मोठ्या कार्डाच्या लॅपटॉपला कान लावला.

"हे सुरू हाय का बंद?"

"सुरू हाय काका," दुकानदार म्हणाला, "आवाजच नाही त्याले."

मग त्यांनी लहान कार्डाच्या लॅपटॉपला कान लावला. आतले पंखे घुंऽऽ करून रडत होते. मनोहररावांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"ही गाडी चढावर हाय," ते म्हणाले. "हीच घेऊ."

मी वैतागलो. "अहो, कान काय लावता, स्क्रीन बघा! त्या मोठ्यावर झाडाचं पान न् पान दिसतंय."

"मले काय पानं मोजाची हायेत?"

काजलनं कपाळाला हात लावला. चढावर असलेली गाडी घरी आली.

मे महिना, नागपूर. पहिल्याच रविवारी त्यांनी बस घाटात घातली, मी मागे उभा राहून बघत होतो. अर्ध्या घाटात पंखे किंचाळायला लागले, चित्र अडखळलं आणि बस उचक्या देत चालू लागली.

"सांगतलं होतं ना!" काजल ओरडली.

"चढाव हाय. तापनच," मनोहरराव शांतपणे म्हणाले. बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि टेबलफॅन ओढून लॅपटॉपवर रोखला. मग चहा मागवला. खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटला. गाडी बंद पडल्यावर इतकं सुखी मी कुणालाच पाहिलेलं नाही.

चहा घेऊन प्रेमिलाकाकू आल्या. कप ठेवला, पदराला हात पुसले, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि मनोहररावांच्या शेजारी बसल्या.

"इथं काहून बसली वं?"

"उमरेडले जाचं हाय."

"हा उमरेडचा रस्ता नाही. परदेशातला घाट हाय."

"मंग तिकडं न्या."

मनोहररावांनी लॅपटॉपवर तळहात ठेवून पाहिला.

"गाडी तापली हाय. टाइम लागन."

"लागू द्या," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं थांबलीच ना मी."

मनोहररावांनी हात लांब केला आणि टेबलफॅन काकूंकडे वळवला.