शेळीची गाठ

येडशीच्या कड्यावर पोरांना चढायला शिकवायचं, तर आधी स्वतः शिकावं लागतं. शेळ्या राखणाऱ्या घरची निकिता त्यासाठीच आली होती. पहिल्याच दिवशी तिनं घरच्या सवयीनं दोराला सुरगाठ मारली, एका हिसक्यात सुटणारी.

शिकवणारे रणधीर सर तोंडाचे फाटके. सगळ्यांसमोर खेकसले, "माणूस बांधायलीस का शेळी? पोरं मारशील! जा, शेळ्याच राख."

चूक तिचीच होती, पण शेवटचं वाक्य तिला गिळवलं नाही. महिनाभर ती दातओठ खात आठाच्या आकड्याची पक्की गाठ मारत राहिली.

परीक्षेला तिनं बांधलेल्या दोरावर सर कड्याच्या मधोमध लोंबकळत होते. तिथूनच ओरडले, "गाठ कुठली मारलीस गं?"

दोनदा तपासलेल्या पक्क्या गाठीवर हात ठेवून निकिता खाली वाकली.

"शेळीची, सर. लई हलू नका."