पिंपाचं अंग आणि बाईंचं माप

विणकामाच्या बाई बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत एकच सिद्धांत शिकवत आल्या होत्या: स्वेटरचे पुढचे पान आणि पाठचे पान लांबीला तंतोतंत सारखे हवे. निवृत्तीनंतर या सिद्धांताला गिऱ्हाईक उरले ते एकच, नणंदेचा कुत्रा. त्याला घडवताना निसर्गाने बहुधा मध्येच काम सोडून दिले असावे. छाती पिंपाएवढी, कंबर मनगटाएवढी आणि पाय स्टुलाचे उसने आणलेले. घरात त्याला पिंपच म्हणत.

कातडीच्या रोगापायी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला पार भादरून ठेवले होते. "म्हातारा आहे. अंग उबेत आणि कोरडं राहिलं नाही, तर ही थंडी काढायचा नाही," असे त्यांनी बजावले होते.

बाईंनी चार दिवसांत स्वेटर हातावेगळा केला. दृष्ट लागावी असे काम. पिंप तो मिरवत जिना उतरला, भिंतीपाशी त्याने तंगडी वर केली आणि पोटाखालचे अख्खे पान भिजवून कुडकुडत वर आला.

"वहिनी, तो नर आहे," नणंद म्हणाली.

"दिसतंय मला, वन्सं."

"मग पोटाखाली एवढं लांब कशाला?"

"दोन्ही पानं सारखी हवीत. शिवाय सभ्यता म्हणून काही असतं."

"त्याच्याकडे कधी होती?"

बाईंनी दुसरा विणला, थोडा सैल. पाने मात्र सारखीच. तोही भिजला. तिसऱ्या दिवशी पिंपाने जेवणाकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यात अंग चोरून तो थरथरत पडला.

"माप चोख आहे," बाई ठामपणे म्हणाल्या. "कुत्रा चुकलाय."

नणंद ओला स्वेटर पिळत होती. तिचा हात थांबला. "माझा हा खांदा खाली आहे. बारा वर्षांची होते, तुझ्या वर्गात. तू म्हणालीस, ताठ उभी राहा, स्वेटर बसेल. वहिनी, सेहेचाळीस वर्षं झाली. अजून बसायचाय."

बाईंनी माफी मागितली नाही. इतक्या वर्षांचा अधिकार एका वाक्यात खाली ठेवता येत नाही. त्यांनी कपाटातून कोरडी लोकर काढली, जमिनीवर फतकल मारली आणि पिंपाला गुडघ्यांत धरले. या खेपेस मापांची वही नव्हती, गणित नव्हते. चार ओळी विणायच्या, त्याच्या अंगावर चढवून पाहायच्या, चुकले की उसवायच्या. छातीपाशी टाके वाढले, कंबरेपाशी भराभर घटले. पोटाकडचे पान फासळ्यांपाशीच बंद करण्याची वेळ आली, तेव्हा मात्र खोट्या कागदावर सही करावी तसा त्यांचा हात अडखळला. पण त्यांनी टाके बंद केले.

पिंप खाली जाऊन आला. नणंदेने पोट चाचपले. "कोरडा ठणठणीत! पण दिसतो काय, फाटक्या उशीतून निघाल्यासारखा."

"वर्गात कोणी असला आणला असता तर नापास केलं असतं," बाई पुटपुटल्या.

"आणि आता?"

पिंप बाईंच्याच पायांवर आडवा झाला होता. त्यांनी लोकरीखाली हात सरकवला. थरथर थांबली होती.

"आता बोलू नका, वन्सं. डोळा लागलाय त्याचा."