नुसतं बघून राहिलो

दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान जराशी पुढे काढून ते आमच्या कुंपणाशी उभे राहायचे. “आत या ना,” म्हटलं की म्हणायचे, “न्हाई, असू द्या. मी नुसतं बघून राहिलो.”

विष्णुपुरीच्या रस्त्याला माझी घोडेस्वारीची शाळा आहे. शाळा म्हणजे सासरच्या शेतातलं मोकळं मैदान, पत्र्याचा तबेला, मोजकी जनावरं आणि मी. कॉलेजात असताना एनसीसीत घोड्यावर बसायला शिकले, ते खूळ लग्नानंतरही गेलं नाही. सासरच्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग जागा दिली. तेव्हा कुंपणाशी उभं राहून बघणारे लोक मला नवीन नाहीत. घोडा दिसला की आपल्याकडचा माणूस गाडी थांबवतोच, तुम्हीही थांबवाल. थोडा वेळ बघतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि जातो. हे गृहस्थ फोटो काढत नव्हते आणि जातही नव्हते. शाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव ‘बघणारे काका’ ठेवलं होतं.

एक दिवस ते आत आले. कसे? तर मुलगी बघायला पाहुणे येतात ना, तसे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आधी पाणी प्यायले, मग खुर्चीच्या कडेवर बसले. समोर चिमणी उभी होती. चिमणी ही आमची सगळ्यात उंच घोडी. नाव कुणी ठेवलं देव जाणे.

“नाव काय हिचं?”

“चिमणी.”

“स्वभाव कसा हाय?”

“शांत आहे. मनात आलं तर हट्टी.”

“जरा चालवून दाखवा.”

मी चालवून दाखवली. फक्त पोहे करायचे राहिले होते. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “इथं कोन कोन पडलं?”

खरं सांगते, मला राग आला. शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात, ते उगाच नाही. मी म्हटलं, “सगळेच पडतात. मंगळवारी मीच पडले.” आणि सुजलेलं कोपर त्यांच्यापुढे धरलं.

त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, “दोन जागी जाऊन आलो, ताई. एके ठिकानी म्हनले, आमच्याकडं कोनीच पडत न्हाई. दुसऱ्या ठिकानी म्हनले, पडलं तर आम्हाला विचारायचं न्हाई. मला काई दोन्ही पटलं न्हाई. उद्या पोरीला घेऊन येतो.”

अशी माझ्या शाळेची निवड झाली, माझ्या सुजलेल्या कोपरावर. मी फाटकावर रंगवून घेतलेल्या मोठ्या पाटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पोरगी म्हणजे ऋतुजा. नववीतली, काटक, कमी बोलणारी. ते स्वतः एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते आणि गाव लोह्याच्या पुढे, तिथे थोडी शेती. पहिल्या दिवशी ऋतुजा चिमणीच्या मानेवरून हात फिरवत होती, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आदल्या वर्षी गावाकडून येताना ती त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसली होती. रस्त्यात खड्डा आला. ती पडली आणि हात मोडला. हात जुळून आला, पण ती पुन्हा काही त्यांच्या मागे बसली नाही. शाळेत पायी जायची, गावाला जायचं म्हटलं तर पोट दुखतंय म्हणायची. मग माळेगावच्या जत्रेत घोडे बघितले आणि तिथेच हट्ट धरून बसली.

“माझ्या मागं बसत न्हाई, पन घोड्यावर बसते म्हन्ती,” ते म्हणाले. “पडली तवा माझी पाठ होती तिच्याकडं. नुसता आवाज आला. म्हनून आता बघत असतो. बसली तर बसू द्या, ताई. भ्या तेवढं जाऊ द्या तिचं.”

मी बरं म्हटलं आणि त्यांना सावलीत खुर्ची टाकून दिली. ते एकदाही त्या खुर्चीवर बसले नाहीत. हात मागे बांधून कुंपणाशी उभे, नजर पोरीवर.

त्यांना बैलांचं कळत होतं, घोड्याचं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण प्रेमाला कुठे अक्कल लागते? पोळ्याच्या दिवशी चिमणीसाठी घुंगरमाळ घेऊन आले. तिला शिंगं नाहीत, मग रंगवायचं काय, म्हणून बराच वेळ हळहळले. शेवटी खुरं रंगवली. पुढे काही दिवस आमची घोडी गुलाबी खुरांनी हिंडत होती, आणि शहरातल्या पालकांना मी ही खास पद्धत आहे असं सांगत होते.

घोटाळा झाला तो त्यांच्या जिभेचा.

काही वाईट दिसलं, कुणाला लागलं, की आपण जीभ टाळूला लावून ‘च्‌ च्‌’ करतो. तुम्ही करता, मी करते. पण घोड्याला शिकवताना हाच आवाज ‘चल, पळ’ म्हणून शिकवलेला असतो. ऋतुजा खोगिरावर जराशी कलली, की कुंपणावरून काळजीने ‘च्‌ च्‌’ यायचं. चिमणी आज्ञाधारक. ती पळायला लागायची. पोरगी आणखी कलायची, बापाचा जीव आणखी वर यायचा, आणखी जोरात ‘च्‌ च्‌ च्‌’. मला पहिले दोन दिवस कळेनाच की या शहाण्या घोडीला झालंय काय. कळलं तेव्हा मी मैदानातच हसत खाली बसले. ते बिचारे कानकोंडे झाले.

“म्हंजे मीच पळवून राहिलो का तिला?”

“तुम्हीच.”

“न्हाई करनार आता.”

पण जिभेवर कुणाची सत्ता चालते? मी त्यांना तोंडात धरायला सुपारी दिली. सुपारी धरून ते दोन दिवस मुके राहिले. तिसऱ्या दिवशी ऋतुजाने पहिल्यांदा आडव्या दांड्यावरून घोडी उडवली आणि काका सुपारी गिळून बसले. खोकता खोकताही मधून ‘च्‌ च्‌’ चाललंच होतं. ऋतुजा मात्र घोडीवर बसून हसत होती. ती इतकी हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

तिचं भय कधी गेलं ते सांगता येणार नाही, तापासारखं ते हळूहळू उतरलं. एका संध्याकाळी शिकवणी संपल्यावर ती न बोलता जाऊन त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसली. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. किल्ली हातात धरून उभेच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “येतो, ताई,” आणि इतक्या सावकाश गेले की एक सायकलवाला त्यांच्या पुढे निघून गेला.

मग लातूरला विद्यार्थ्यांच्या स्पर्धा ठरल्या. अडथळ्यांवरून घोडा न्यायचा, दांडा पडला तर गुण जातात. ऋतुजाला जायचंच होतं. नियम मी सगळ्यांना समजावून सांगितले. त्यातला एक असा, की बाहेरून कुणी घोड्याला इशारा दिला, आवाज केला, तर स्वार बाद. मुलं घरी गेली तरी काका घुटमळत राहिले.

“ताई, मी येत न्हाई लातूरला.”

“ती तुम्हाला शोधेल.”

“पन माझी जीभ?”

त्यांच्या एका आवाजाने पोरीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती, आणि त्यांना घरी ठेवलं असतं तर तिला एकटं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. “मी येतो. पन पाठ करून उभा राहतो. बघितलंच न्हाई तर तोंडातून निघनार न्हाई. तुम्ही शेजारी थांबा अन् हळू सांगत जा.”

पाठ करून. ज्या माणसाने ती एकदा पाठीमागे पडली म्हणून एवढे दिवस डोळ्यात तेल घालून पाहिलं, तो हे म्हणत होता. मी चिमणीचा लगाम नीट करायचं निमित्त करून तिकडे वळले, नाहीतर त्यांच्यासमोरच रडले असते.

लातूरच्या मैदानावर ते कुंपणाला पाठ लावून उभे राहिले. तोंड गाड्यांकडे, हात मागे, बोटं घट्ट अडकवलेली. मी शेजारी उभी राहून पुटपुटत होते. “पहिला झाला. दुसरा झाला. वळली. तिसरा… दांडा हलला, पडला नाही.” त्यांनी डोळेही मिटून घेतले होते. शेवटच्या अडथळ्याला एक दांडा पडला. तो आवाज ऐकताच त्यांचं सगळं अंग ताठ झालं. “लाकूड पडलं,” मी म्हटलं, “पोरगी वरच आहे.” तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

बक्षीस मिळालं नाही. ऋतुजा घामाने भिजलेली, धावत आली. “बाबा, बघितलं?”

“बघितलं की,” ते म्हणाले. “समदं बघितलं.”

पुढच्या प्रत्येक स्पर्धेला आमचं हेच ठरलेलं. ते पाठ करून उभे राहायचे, मी सांगायची, आणि शेवटी “समदं बघितलं.”

हळद काढायच्या दिवसांत ते गावाकडे गेले. शेतातच छातीत दुखायला लागलं, आणि लोह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन ऋतुजाने केला. “मॅडम, बाबा गेले,” एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी शाळा बंद ठेवली. चिमणीला चारा टाकायला गेले तर कुंपणाशी पायाने गवत झिजलेली एक जागा दिसली. ती जागा रोज समोर असून मी कधी पाहिली नव्हती.

ऋतुजा पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. आई तिला स्कूटीवर सोडायची आणि “मला न्हाई बघवत” म्हणून फाटकातूनच परत जायची.

यंदा पुन्हा लातूर. तिचा नंबर यायला थोडा वेळ होता. मी तिच्या पाय अडकवायच्या रिकिबी तपासत होते, तर वरून म्हणाली, “मॅडम, बाबा उभे राहायचे तिथं थांबता का?”

“थांबते की.”

“तसंच. पाठ करून.”

मी वर पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“घोड्यावरून समदं दिसतं, मॅडम.” तिने लगाम सारखा केला. “तिकडून वळताना बाबाची पाठ दिसली की बरं वाटायचं. गाडीवर बी तीच दिसायची.”

मी जाऊन उभी राहिले. शिकवणाऱ्या बाईने आपल्या विद्यार्थिनीकडे पाठ करून उभं राहायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. समोर गाड्या होत्या, एक रसवंती होती, कुणाचं तरी लहान पोर बर्फासाठी रडत होतं. मागे टापा सुरू झाल्या. मी हात पाठीमागे बांधले. कुठल्या अडथळ्याला कितवी टाप पडते हे मला झोपेतही सांगता येतं. त्या दिवशी काहीच कळत नव्हतं. एका ठिकाणी टापा अडखळल्या आणि माझी जीभ आपोआप टाळूला लागली. मी दात घट्ट मिटून घेतले. शेजारी पुटपुटून सांगायला कुणी नव्हतं.

मग टाळ्या वाजल्या. तरीही मी वळले नाही. घोडी अगदी मागे येऊन फुरफुरली, तिचा गरम श्वास मानेला लागला.

“मॅडम, बघितलं?”

“बघितलं की,” मी म्हणाले. “समदं बघितलं.”