बेशुद्ध पडण्याची रंगीत तालीम

रविवार, १२ जानेवारी. खर्च दोन हजार दोनशे चाळीस रुपये: रक्तदाबाचं यंत्र, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणि अ‍ॅस्पिरिनची एक पट्टी. हजर चौघं: मी, बायको, मुलगी आणि तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मावशी.

शिवऱ्यात हायवेलगत आमचं घर. खालच्या मजल्यावर मुलीनं नुकतंच कायरोप्रॅक्टिकचं क्लिनिक सुरू केलं होतं. हातानं मणका सरळ करायची ही विद्या. गावात तिला 'मान बसवणं' म्हणतात. मुलीला धास्ती एकच. टेबलावर कुणाला झटका आला, तर तो कशानं आला हे कुणी विचारणार नाही. "पोरीनं मान मोडली" एवढंच भोरपर्यंत पोचेल आणि क्लिनिकला कुलूप लागेल. म्हणून तिनं सराव ठरवला. रुग्ण मी. १०८ नंबरच्या जागी बायको, वर स्वयंपाकघरात.

मी छातीवर हात ठेवून बाकावर आडवा झालो. मुलीनं नाडी धरली.

"बाबा, घड्याळ बघू नका. तुम्ही बेशुद्ध आहात."

"मग वेळ कोण मोजणार?"

"बेशुद्ध माणूस तर नक्कीच नाही."

मावशींनी फोन लावला. बायको सरकारी आवाजात म्हणाली, "पत्ता सांगा."

"हायवेवरनं या, चक्कीपाशी वळा."

"कुठली चक्की?"

"आवो वैनी, चक्की! तुमी दळण न्यायच्या की तितं."

"मी वहिनी नाही. मी पुण्यात बसलेय. मला चक्की दिसत नाहीये."

ती कुणालाच दिसली नसती. चक्की पाडून अकरा वर्षं झाली. तिथं आता टायरचं दुकान आहे. तरी सगळं गाव चक्कीपाशीच वळतं. मोठ्या मुलाच्या लग्नपत्रिकेत मीसुद्धा तोच पत्ता छापला होता. साडेतीन मिनिटं दोघी चक्की शोधत होत्या. शेवटी मावशींनी फोन ठेवला.

"त्यापरीस म्या टेम्पो बगते. तवर ह्यांचं काय व्हायचं ते हुईल."

मी उठलो आणि पावलं मोजून आलो. पुलापासून सर्व्हिस रोडनं दोनशे दहा पावलं, मग टायरच्या दुकानाला लागून डावीकडे तिसरं घर. हे मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर चिकटवलं. त्यानंतर आणखी तीन रविवार मी पडलो. शेवटच्या वेळी पत्ता वीस सेकंदांत सांगून झाला.

फेब्रुवारीत हिर्डोशीहून एक शेतकरी काका आले. एकटेच, दोन एसट्या बदलून.

"पाठ धरलीया, पोरी. जरा कट्‌दिशी वाजव अन मोकळं कर."

सकाळच्या गारठ्यातही त्यांचा सदरा घामानं भिजला होता आणि जबडा दुखत होता. मुलीनं पुढे केलेला हात मागे घेतला. रक्तदाब पाहून ती म्हणाली, "काका, आधी हॉस्पिटल."

"येवढ्या लांबनं आलो अन तू हातबी लावंना? शिकलीस का न्हाई काय?"

ती लाल झाली, पण हात लावला नाही. मावशींनी पत्ता एका दमात वाचला. अ‍ॅस्पिरिन फोनवरच्या डॉक्टरांना विचारून दिली. अँब्युलन्स चौदा मिनिटांत दारात आली. मोजली मीच, या वेळी शुद्धीवर होतो. काकांबरोबर कुणी नव्हतं, म्हणून मावशी गाडीत चढल्या.

मुलगी दुपारपर्यंत एकाच खुर्चीत बसून होती. जेवलीही नाही. तीन वाजता भोरहून मावशींचा फोन आला.

"हार्टचंच व्हतं. डागदर म्हनले, येळंत आणलं. काका तुज्यावं अजून चिडल्यात बग. म्हनत्यात, पाठ तशीच हाय."

मुलगी हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

एक गोष्ट मात्र सरावात राहून गेली होती. अँब्युलन्स माणूस नेते, परत आणून सोडत नाही. मावशी संध्याकाळी एसटीनं आल्या. मी शंभराची नोट पुढे केली.

"येवढे कशाला? बायांना अर्दं तिकीट हाय."

हिशोब त्यांनीच केला. तिकीट पंचवीस, चहा दहा. वडापाव आपल्या भुकेचा म्हणून त्यांनी धरू दिला नाही. मावशींना पस्तीस रुपये दिले.