मेहुणीने दिलेला ताबा

१४ नोव्हेंबर १९९८, शनिवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी माझ्या मेहुणीने मला माझ्याच ताब्यात दिले. कोणत्याही खोलीतून मुकाट्याने निघून जाणे तिला जन्मात जमले नाही.

ती फिरती नर्स. जिथे माणसे कमी पडत तिथे कंपनी तिला दोन-तीन महिन्यांसाठी पाठवी; आज फुजैरा, उद्या मुहैस्नाहच्या कामगार छावणीतला दवाखाना. मधल्या काळात ती शारजात, रोल्लातल्या आमच्या फ्लॅटवर उतरे. बॅग अर्धीच उघडी करी. उरलेली अर्धी उघडली की पुढचा फोन येतोच, असा तिचा अनुभव. आपल्या व्यवसायाचे धडे ती मला न मागता देई. नव्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांची नावे मागाहून पाठ करावीत, आधी स्टोअरची किल्ली कोणाकडे असते ते विचारावे. कात्री नाडीने खिशाला बांधावी. आणि 'आमच्याकडे असे नव्हते' हे वाक्य पहिले पंधरा दिवस तोंडातून काढू नये. हा शेवटचा नियम आमच्या स्वयंपाकघराला लागू नव्हता. तिथे आल्या दिवशीच साखरेचा डबा माझ्या नजरेआड होई, आणि विचारल्यास 'आमच्या वॉर्डात असेच असते' हे उत्तर मिळे.

पण खरा जाच हँडओव्हरचा. पाळी संपली की पेशंटची सारी हकीकत पुढच्या नर्सला सांगायची, तिने ती तशीच पुन्हा म्हणून दाखवायची, मगच वॉर्ड सोडायचा. हे तिच्या अंगात इतके भिनले होते की आंघोळीला जाताना ती गॅसवरचे दूध माझ्या ताब्यात देई. "भाऊजी, दूध गॅसवर. आच मंद. साय धरली आहे, उकळी नाही. म्हणा." मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हं" म्हणे. "हं नाही. म्हणा." म्हणेपर्यंत ती टॉवेल खांद्यावर टाकून उभी. तोवर दूध उतू जाई. दोष अर्थात ताबा न घेणाऱ्याचा. एकदा टॅक्सीतून उतरताना तिने पठाण ड्रायव्हरच पुढच्या प्रवाशाच्या हवाली केला. "भाईसाब, इसने सुबह से कुछ खाया नहीं, चक्कर आ रहा है. पहले इसको रोटी खिलाओ, फिर दुबई जाओ. बोलो." त्या सुटाबुटातल्या गृहस्थाने तेही निमूटपणे म्हणून दाखवले. मी दुसरीकडे पाहत उभा राहिलो.

त्या हिवाळ्यात माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती, आणि नेमके तेव्हाच डॉक्टरांनी मला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लावले. मेहुणी घरी होती म्हणून निभावले. ती टोचे, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाही. "शिकून घ्या," असे ती म्हणाली की मला दाढी करायची आठवण होई. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. दूर वाळवंटातल्या रुवैसला नर्स कमी होती. उद्याच हजर व्हायचे.

पहाटे कंपनीची गाडी खाली येऊन उभी राहिली. ड्रायव्हर हाका मारू लागला, "यल्ला सिस्टर, यल्ला!" ही बॅग घेऊन दारात उभी.

"भाऊजी, आज ताबा घ्यायला कोणी नाही. तुम्हीच घ्या. नाहीतर ताईला फोन लावते. मिळेल त्या विमानाने येईल ती."

"तिला बोलावू नकोस. मुलीचे दिवस भरलेत."

"मग ऐका. पेशंट पुरुष, वय अठ्ठावन्न. इन्सुलिन दोन वेळा, जेवणाआधी. आत्ताचे मी दिले. पोहे झाकलेत, लगेच खायचे. संध्याकाळचे स्वतः घ्यायचे. टोचल्यावर जेवण टाळायचे नाही. पेशंट सुईला घाबरतो, कबूल करत नाही. म्हणा."

मी म्हटले. शेवटचे वाक्य सोडून.

"राहिले."

खालून हॉर्न वाजला. "सिस्टर, खलास! मैं जाता है!" गाडी चुकली असती तर नोकरीही जाण्यासारखी होती. ती हलली नाही. उलट बॅग खाली ठेवली.

"सुईला घाबरतो," मी म्हणालो.

"पुढचे?"

"कबूल करत नाही."

"आता केले," ती म्हणाली, बॅग उचलली आणि जिना उतरली. वळून पाहिले नाही. ताबा दिल्यावर मागे पाहिले तर पुढच्या नर्सला वाटते, आपल्यावर विश्वास नाही. हाही तिचाच धडा.

दिवसभर घर फार शांत होते. संध्याकाळी आमटी-भात गरम करून ताट झाकून ठेवले. पोटाची चिमूट धरली आणि कॅलेंडरकडे न पाहता सुई टोचली. फारसे दुखले नाही. हे मी तिला कधीच सांगितले नाही. मग रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणालो, "इन्सुलिन दिले. पेशंट ठीक." पुन्हा म्हणून दाखवायला कोणी नव्हते. तरी मी थोडा वेळ थांबलो. नंतर सुई कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली, झाकण घट्ट लावले आणि जेवायला बसलो.