रिपोर्टमधली बकरी

मी भंडाऱ्याच्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढते. नातेवाइकांत मात्र मी अर्धी डॉक्टर आहे, आणि खरं सांगायचं तर या गैरसमजाला खतपाणी मीच घातलं. त्याची फळं करडी गावच्या एका गाभण बकरीला भोगावी लागली.

बकरी माझ्या मोठ्या मायची, म्हणजे थोरल्या काकूची. तिचे गुडघे सुजले, तेव्हा डॉक्टरांनी एक तपासणी लिहून दिली. अंगातल्या अँटिबॉडी परक्या पदार्थाला चिकटून गाठोडी बनतात. ती रक्तात किती फिरताहेत, हे त्यात मोजतात. नमुना नागपूरला गेला आणि आकडा असा वर आला, की डॉक्टर स्टिरॉइड लिहायला निघाले. आधी पुन्हा तपासू, असं कसंबसं ठरलं.

मी कुठंतरी वाचलं होतं, की या तपासणीच्या किटमध्ये बकरीच्या अँटिबॉडी वापरतात, आणि जनावरांत वावरणाऱ्या माणसाच्या रक्तात त्यांनाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी असू शकतात. मग आकडा उगाच फुगतो. एवढ्यावर थांबायचं की नाही? मी फर्मान काढलं, "आठ दिवस बकरीजवळ जायचं नाही!" आणि मोठ्या मायला जवाहरनगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये आणून बसवलं.

तिकडे बकरी नीट चरेना, इकडे मोठी माय नीट जेवेना. तिचा मुलगा, आमचा दादा, रोज व्हिडिओ कॉल लावून फोन बकरीपुढे धरायचा.

"खाय वो माय, मी येऊन राहिली!" मोठी माय ओरडायची. बकरी फोन चाटायची.

सातव्या दिवशी दादाच फोनवर म्हणाला, "हिच्यापायीच रिपोर्ट बिघडून राहिला, तं ठेवाची कायले? येत्या बाजारात विकून टाकतो."

मोठी माय तोंडाला पदर लावून रडत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण अर्ध्या डॉक्टरने माघार कशी घ्यायची!

आठव्या दिवशी पुन्हा रक्त पाठवलं. आकडा जसाच्या तसा. तेव्हा कुठे मी नाक मुठीत धरून नागपूरच्या लॅबमधल्या डॉक्टरबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या आधी पोटभर हसल्या.

"अहो, अँटिबॉडी आठ दिवसांत कुठे जातात? त्या बाईंना कशाला हलवलंत! मी नमुन्यातच थोडं बकरीच्या रक्तातलं सीरम घालते. त्यांच्या अँटिबॉडी त्यालाच चिकटून बसतील, आणि खरा आकडा कळेल."

खरा आकडा नॉर्मल निघाला. गुडघे नुसते झिजले होते. बाजाराच्या सकाळी मी मोठ्या मायला घेऊन करडी गाठली, तर दादा बकरीचं दावं धरून फाटकातच उभा. मी धापा टाकत सगळं समजावलं.

"मनजे बकरीपासून दूर ठेवलं तं रिपोर्ट खराबच रायला," मोठी माय म्हणाली, "अन् बकरी घातली तं सुधरला?"

"तसं नाही गं, म्हणजे..."

"तसंच हाय!" तिने दादाच्या हातातून दावं हिसकावलं आणि मला म्हणाली, "आता हिची माफी माग."

मी वाकून माफी मागितली. बकरीने माझ्या हातातला नवा रिपोर्ट ओढला आणि चावून खाल्ला. किती दिवसांनी ती मन लावून खात होती! मोठ्या मायचे डोळे भरून आले.

"पयलावालाबी दे तिले," ती म्हणाली. "थो तं खोटाच होता ना."